दातावरचा शेंदूर

माझ्या गॅरेजात शेंदराची डबी आहे. नवीन गिऱ्हाईक ती बघून हमखास विचारतं, "देव कुठे बसवलाय?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतो आणि विषय संपवतो. खरं सांगत बसलो तर अर्धा दिवस जातो, आणि ऐकून झाल्यावर माणूस पुन्हा माझ्याकडे गाडी आणेल याची खात्री नाही.

शेंदूर दातांसाठी आहे. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक ओबडधोबड लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तिथे येते, काटकोनात वळते आणि दोन चाकांना वाटली जाते. आत एक मोठं दातेरी चक्र असतं, त्याला क्राउन म्हणतात, आणि त्याला भिडणारं एक लहान, ते पिनियन. दोघं नीट बसली तर ती आत फिरतायत हे कळतही नाही. केसभर इकडेतिकडे झाली तर गाडी विव्हळते आणि एक दिवस दात तुटून तेलात पडतात. म्हणून शेंदूर तेलात कालवून क्राउनला फासायचा आणि चक्र हाताने फिरवायचं. जिथे दाताला दात घासतो तिथला शेंदूर निघून डाग पडतो. डाग दाताच्या पोटावर हवा. मुळाशी उतरला तर पिनियन जास्त आत, टोकाला चढला तर जास्त बाहेर. विद्या एवढीच. ती माझ्या बापाकडे होती, आणि त्याने ती मला कशी शिकवली ते सांगतो.

बाप गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होता. गिरणी बंद पडली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं त्याचं झालं. काळाचौकीच्या चाळीत, आमच्या खोलीच्या दाराबाहेर, तो गॅलरीत गोणपाट अंथरायचा आणि टॅक्सीवाल्यांचे डिफरन्शियल उघडून बसायचा. शाळेतून आलो की मला समोर बसवायचा. शेंदूर फासायचा, चक्र फिरवायचा आणि म्हणायचा, "वाच."

मी वाचायचो. चुकलो तर मारायचा नाही. मारलं असतं तर मी आज त्याला विसरलो असतो. तो ब्रश डबीत बुडवून माझ्या कपाळावर ओढायचा, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि मला कठड्याला उभा करायचा. दिवेलागणीपर्यंत पुसायचं नाही, हलायचं नाही. बायका बादल्या घेऊन जाता-येता म्हणायच्या, "आज पण मारुती उभो रवलो!" खालून पोरं हात जोडून नवस बोलायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकदा खरोखर एक फूल वर फेकलं होतं, तेव्हा बाप हसला होता. मी त्याला हसताना फार वेळा बघितलेलं नाही, त्यामुळे ते लक्षात आहे. संध्याकाळी आई खोबरेल तेल घेऊन बसायची, कारण तेलातला शेंदूर पाण्याने जात नाही. पुसताना ती एक अक्षर बोलायची नाही, ना मला, ना त्याला.

आणि बरोबर वाचलं तर? तर काही नाही. चक्र पुढे फिरायचं. 'चूक' हा शब्द त्याच्याकडे होता. चूक नसेल तेव्हा तो गप्प बसायचा आणि त्या गप्प बसण्यालाच मी शाबासकी समजावी अशी त्याची अपेक्षा होती.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. कॉटन ग्रीनला एका जुन्या गोदामाच्या अर्ध्या भागात माझं गॅरेज आहे. जुन्या परदेशी स्पोर्ट्स गाड्या हे माझं काम. मी भोईवाड्यात राहतो, आईबाप अजून काळाचौकीच्या त्याच खोलीत. बाप ऐंशीच्या घरात पोचला तरी रोज दहाच्या ठोक्याला चालत गॅरेजात यायचा, आपल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचा आणि माझ्या कामाकडे बघायचा. गिऱ्हाईक उभं असताना मध्येच बोलायचा, "चूक." बोल्ट आवळायची पद्धत चूक, तेल ओतायची पद्धत चूक, पाना धरायची पद्धत चूक. माझी माणसं तोंड वळवून हसायची.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. टक्कल पडलं, नातवंडं बघायची वेळ आली, तरी मला त्या माणसाच्या तोंडून एकदा, चार माणसांसमोर, 'बरोबर' ऐकायचं होतं. मी त्याचा द्वेष करायचो आणि तरीही ते ऐकायचं होतं.

मागच्या वर्षी दादरचे एक दाताचे डॉक्टर आपली गाडी घेऊन आले. तीस वर्षांची जपानी, दोन दारांची, पांढरी. तिला मीच आधी जास्त ताकदीचं इंजिन बसवून दिलं होतं. मूळचा डिफरन्शियल मूळच्या इंजिनापुरता होता. सिग्नल सुटला, डॉक्टरांनी पाय दाबला आणि मागून खडी दळल्यासारखा आवाज आला. उघडलं तर पिनियनचे तीन दात तळाशी. मी म्हटलं, आता मोठा टाकू, याच कंपनीच्या थोरल्या गाडीचा. डॉक्टर लगेच तयार झाले. अशा गाडीचा नाद लागलेला माणूस कशालाही तयार होतो.

दोन महिने त्या कामात गेले. मोठा गोळा लहान जागेत बसवायचा तर खालची बैठक कापून नव्याने वेल्ड करावी लागते, चाकांकडे जाणारे दांडे बदलावे लागतात, मधला लांब शाफ्ट कापून तोलून घ्यावा लागतो. ते सगळं मी केलं आणि चांगलं केलं. बापाने त्या दोन महिन्यांत जवळपास रोज 'चूक' म्हटलं. शेवटी नवं क्राउन-पिनियन जपानहून आलं. ते जुळवायचं, पिनियनच्या पाठीमागे कागदाइतकी पातळ पत्री घालून त्याची खोली ठरवायची, एवढंच उरलं. ती पत्री बदलायची म्हणजे प्रेसवर बेअरिंग काढा, घाला, सगळं पुन्हा आवळा. दीड दिवसाचं काम.

सोमवारी जुळवणी झाली. माझ्याकडे चांगला डायल आहे, तो दोन दातांमधली मोकळीक मोजतो. मोकळीक बरोबर होती. पण पिनियन किती खोल बसलाय ते डायल सांगत नाही, ते डाग सांगतो. मी शेंदूर फासला, फिरवला. डाग थोडा खाली वाटला. इतकं चालतं, असं मी स्वतःला सांगितलं.

डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करून बघायला आले होते. बाप स्टुलावरून उठला, चष्मा कपाळावर चढवला, वाकला.

"चूक," तो म्हणाला. "डाग मुळाक गेलो हा. पत्री पातळ घाल."

"बाबा, डायल बरोबर दाखवतोय."

"डायलाक दात आसत काय रे?"

माझे कारागीर हसले, आणि डॉक्टर तर खूशच झाले. "अहो, आम्ही अगदी हेच करतो! पेशंटला निळा कागद चावायला देतो आणि दातावरचा डाग बघतो. काका, तुम्ही तर आमच्या धंद्यातले निघालात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काका म्हणतायत तर उघडू या ना परत."

उघडू या म्हणे. उघडणार कोण? माझ्या गॅरेजात, माझ्या कामावर, बापाने शेरा मारायचा आणि गिऱ्हाइकाने त्यावर सही करायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी उघडलं. पत्री बदलली, पण रागाच्या भरात एकच घर, म्हणजे एकच माप, पातळ घातली. बुधवारी पुन्हा शेंदूर, पुन्हा बाप वाकला.

"चूक. अजून पोटात येऊक नाय."

त्या दिवशी मी त्याच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. डावा दुधासारखा झाला होता. मोतीबिंदू. वर्षभर आम्ही ऑपरेशन करा म्हणून सांगत होतो आणि तो उडवून लावत होता. मी मनात म्हटलं, याला दिसतच नाही. माझ्या कामाला चूक म्हणायला याला डोळ्यांची गरज कुठे आहे? जित्याची खोड आहे ती. हे एकदा मनात आलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

गुरुवारी-शुक्रवारी मी डिफरन्शियलला हातही लावला नाही. बाप यायचा, बसायचा, मी दुसऱ्या गाडीखाली झोपायचो. शनिवारी सकाळी तो यायच्या आधी जुना शेंदूर रॉकेलने पुसला, नवा फासला, चक्र फिरवलं. बुधवारचाच डाग पुन्हा पडला, तसाच, तिथेच. कारागिरांना सांगून ठेवलं की आज मजा आहे. डॉक्टरांना फोन करून बोलावलं, त्यांना मात्र काही सांगितलं नाही.

एक वाजता सगळे गोळा झाले. मी बॅटरीचा झोत दातांवर धरला आणि म्हटलं, "बाबा, दोन दिवस मरमर केली. बघा."

तो वाकला. दाताकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, अंदाज घेतोय, आंधळा चाचपडतो तसा. मग पुन्हा दाताकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर."

खोटं सांगत नाही. तो शब्द फसवून काढलेला होता, मला माहीत होतं. तरी क्षणभर मी दहा वर्षांचा झालो. आणि मला त्याचाच जास्त राग आला.

"काय बरोबर?" मी ओरडलो. "काय बरोबर? मी काही केलेलंच नाही. बुधवारचाच डाग आहे हा. तेव्हा चूक आणि आज बरोबर? दिसत नाही तुला! आंधळा झालायस तू. आणि आंधळा माणूस दोन महिने माझ्या कामाला चूक चूक करत बसलाय!"

आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला अरे-तुरे केलं होतं. गोदामात कोणी हसलं नाही. तिथे मी थांबलो असतो तर निदान भांडण म्हणून खपलं असतं. पण ब्रश माझ्या हातातच होता. मी तो डबीत बुडवला, नीट बुडवला, काठाला निथळला, आणि त्याच्या कपाळावर ओढला. या कानापासून त्या कानापर्यंत.

"चुकलं की हेच ना?" मी म्हटलं. "पुसायचं नाही. दिवेलागणीपर्यंत."

डॉक्टर "अहो, अहो, काय हे" असं काहीतरी म्हणाले आणि मग मोबाइलमध्ये बघू लागले. बापाने हात वर केला नाही. माझा हातही धरला नाही, आणि त्याच्या हातात अजून माझ्यापेक्षा जोर होता. शेंदराचा एक ओघळ भुवईवर आला तेवढा त्याने मान कलती करून डोळ्यात जाऊ दिला नाही. मग नाकावरचा चष्मा सारखा केला आणि चालू लागला. स्टूल तिथेच राहिलं. मी ते उचलून भंगारात टाकलं, सगळ्यांना दिसेल असं.

रविवारी भोईवाड्याच्या बाजारात आमच्या चाळीतली एक काकू भेटली. तिला फार आनंद झाला होता. "काल तुझे बाबा मारुतीक जाऊन इले काय रे? शनिवार ना! कपाळ भरून शेंदूर. मी रस्त्यातच पाया पडलंय." कॉटन ग्रीनपासून काळाचौकीपर्यंत म्हणे लोक त्याला नमस्कार करत होते. एका म्हातारीने प्रसाद मागितला तेव्हा त्याने खिशातली खडीसाखर दिली. काकूच्या डोक्यावर हातही ठेवला. मी ऐकून घेतलं आणि कोळंबी घेऊन घरी आलो. मला वाईट वाटलं का? नाही. मी दुपारी पोटभर जेवलो आणि झोपलो.

सोमवारी डिफरन्शियल होता तसा गाडीला चढवला. डॉक्टरांनी आता पत्रीचं नाव काढलं नाही. मंगळवारी सकाळी ते आणि मी फ्रीवेवर गाडी काढली. गाडी झकास सुटली, मागचा भाग रस्त्याला धरून राहिला, डॉक्टरांचा चेहरा खुलला. साठाच्या पुढे काटा गेला आणि मागून सूर सुरू झाला. बारीक, लांबलचक, बांधून ठेवलेलं कुत्रं रडावं तसा. पाय सोडला की थांबायचा, दाबला की पुन्हा.

"हा आवाज कसला?" डॉक्टरांनी विचारलं.

पिनियन जास्त आत बसला की असाच रडतो, हे मी दहाव्या वर्षी कपाळाला शेंदूर लावून शिकलो होतो. म्हणजे मागच्या आठवड्यात सोमवारी त्याला दिसलं होतं. बुधवारी दिसलं होतं. आणि शनिवारी, त्याच डोळ्यांनी, त्याच डागाकडे बघून तो 'बरोबर' म्हणाला होता. का म्हणाला, ते काही मला कळेना. फ्रीवे संपला, गाडी वळवली, तरी कळेना.

दुपारी मी काळाचौकीला गेलो. बाप खोलीत नव्हता, खाली नाक्यावर गेला होता. आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, "शनिवारी बाबा बरोबर का म्हणाले?"

तिने ताटातून मान वर केली नाही. "मीच सांगितलंय त्येंका. शुक्रवारी जेवताना. म्हटलंय, इतकी वर्सां झाली, एकदा तरी झिलाक बरोबर म्हणा. म्हणूक लागले, चुकीच्याक बरोबर कसा म्हणू? मी म्हटलंय, माझ्यासाठी म्हणा."

मी उभाच होतो. बस, असंही ती म्हणाली नाही.

"दोन दिवस पुसूक दिल्यानी नाय," ती म्हणाली. "काल पुसलंय. खोबरेल तेल लावून." आणि एक खडा बाजूला काढून पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. मला काही बोलली नाही. त्यालाही पुसताना बोलली नसणार.

पुढचे दोन दिवस मी कोणाला हात लावू दिला नाही. डिफरन्शियल खाली उतरवला, उघडला, पत्री अजून दोन घरं पातळ घातली, सगळं पुन्हा आवळलं, डायल लावला, शेंदूर फासला. डाग दाताच्या बरोबर पोटावर पडला. लांबट, स्वच्छ, करंगळीच्या नखाएवढा. इतका सुंदर डाग माझ्या हातून कधी पडला नव्हता. कारागीर म्हणाले, "शेठ, झकास." त्या शब्दाचं मी काय करणार होतो?

फोटो काढून नेता आला असता. पण मी तो अख्खा गोळा गोणपाटात बांधला, टॅक्सी बोलावली, टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं आणि त्याच्याच मदतीने तो दुसऱ्या मजल्यावर चढवला. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. कपाळ स्वच्छ होतं, फक्त सुरकुत्यांच्या आत बारीक केशरी रेघा राहिल्या होत्या. शेजारच्या दोन खोल्यांची माणसं दारात आली. मला ती हवीच होती. ते जिथे गोणपाट अंथरायचे तिथे मी तो अंथरला, गोळा ठेवला, क्राउन उजेडाकडे फिरवला आणि त्यांच्या पायाशी बसलो.

"बाबा," मी म्हटलं, "वाचा."

त्यांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही. कठड्याच्या पलीकडे, रस्त्याकडे बघत राहिले.

"माका दिसना नाय," ते म्हणाले. "तूच सांगितलंस मां?"

शेजाऱ्यांना वाटलं, मोतीबिंदूबद्दल बोलतायत. एकजण म्हणाला, ऑपरेशन करून टाका, हल्ली अर्ध्या तासात होतं. मग मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." त्यावर ते गप्प राहिले.

आई बाहेर आली नाही. मी गोळा पुन्हा बांधला, टॅक्सीवाल्याला हाक मारली, दोघांनी मिळून खाली उतरवला. डिकीत ठेवला, झाकण आपटलं, मागच्या सीटवर बसलो. टॅक्सी सुरू झाली तेवढ्यात वरून, दोन मजल्यांवरून, बाबांचा खणखणीत आवाज आला. मला नाही, टॅक्सीवाल्याला.

"ओ टॅक्सीवाला, डिकी बंद नहीं हुआ!"

मी उतरून मागे गेलो. झाकण बोटभर उघडं राहिलं होतं. ते दाबून बंद केलं आणि वर बघितलं, तेव्हा कठड्याला कोणी नव्हतं.